शून्य मिलिसेकंदांचा हिशेब



बेळगाव-निपाणीकडची आपली बरीच मुलंमुली आता पुण्या-बंगळुरात सॉफ्टवेअरचं काम करतात, काही अजून शिकताहेत. या वेळचा विषय खास त्यांच्यासाठी. प्रोग्राम डेटाबेसकडे माहिती मागतो ती क्वेरी. प्रत्येक क्वेरीला किती वेळ लागला हे आपण लॉगमध्ये लिहून ठेवतो. पण ते किती बारकाईने लिहायचं?

निपाणीच्या बाजारात तंबाखूचं पोतं किलोत मोजतात, सराफाकडे सोनं मिलिग्रॅममध्ये. माल बघून काटा ठरतो. इथेही तसंच.

मागे एका घाऊक दुकानाच्या बिलिंगचं काम माझ्याकडे आलं. मालाची यादी उघडायला दोन सेकंदांहून जास्त लागायचे आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळायचं. लॉगमध्ये मात्र प्रत्येक क्वेरीपुढे ० मिलिसेकंद! वेळ पूर्णांकात लिहिला जात होता, अपूर्णांक गळून पडत होता. मायक्रोसेकंदात नोंद घेतली तेव्हा कळलं, की एका क्वेरीला ०.४ मिलिसेकंद लागतात, पण यादीतल्या ५,००० वस्तूंसाठी ती ५,००० वेळा चालते. झाले २ सेकंद! सगळ्या वस्तू एकाच क्वेरीत मागवल्या आणि यादी झटकन उघडू लागली. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण थेंब शून्य धरला तर तळं दिसणार कसं?

मग नॅनोसेकंदापर्यंत जायचं का? गरज नाही. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम ३० सेंटिमीटर जातो. तीच क्वेरी पुन्हा चालवली तर वेळ त्याच्या कितीतरी पट इकडेतिकडे होतो. ते शेवटचे आकडे नुसते शोभेचे.

अंतरही लक्षात घ्या. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. बेळगाव-निपाणी अंतर सुमारे ७५ किलोमीटर. दुकान निपाणीत आणि सर्व्हर बेळगावात असेल, तर जाऊन-येऊन पाऊण मिलिसेकंद वाटेतच जातो. म्हणून डेटाबेसचा वेळ आणि प्रोग्रामने मोजलेला वेळ वेगवेगळे नोंदवा.

आता कामाच्या चार गोष्टी:

१. वेळ मायक्रोसेकंदात साठवा, माणसांना मिलिसेकंदात दाखवा. एकक रकान्याच्या नावातच लिहा.

२. वेळ मोजायला मोनोटोनिक घड्याळ वापरा. संगणकाचं नेहमीचं घड्याळ मध्येच पुढेमागे केलं जाऊ शकतं.

३. मायएसक्यूएलच्या स्लो क्वेरी लॉगची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते. ती कमी करा, अपूर्णांकही चालतो.

४. एका क्वेरीच्या वेळेवर थांबू नका. ती किती वेळा चालली आणि एकूण वेळ किती, हेही बघा. पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेंशन दोन्ही आकडे देतं.

आज आपापल्या प्रोजेक्टचा लॉग उघडा आणि शून्यं मोजा. त्यातली खरी किती, हे शोधण्यासारखं आहे.