गृहीतकाचे खंडन

‘लिपी तीच आहे, मग फरक काय पडतो?’ सुरतेत मराठी मजकूर टंकित करणाऱ्याला हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. फरक पडतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. हिंदीच्या नियमांनी तपासणाऱ्या यंत्राला दुसरा शब्द चुकीचाच वाटणार. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण ठरवली. काही फाँटांत ती मराठीसाठी मुद्दाम राखून ठेवलेली असतात. पण मजकुरावर ‘मराठी’ अशी खूण नसेल, तर तीही उमटत नाहीत.

कायद्यात खंडनीय गृहीतक विरुद्ध पुरावा येईपर्यंतच टिकते. संगणकाचे गृहीतकही तसेच आहे. आपण हजर राहत नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागतो.

‘व्हिम’ या १९९१ पासूनच्या संपादकाचे उदाहरण घ्या. नावाचे शेपूट पाहून तो फाइलीचा प्रकार ओळखतो आणि त्या प्रकारासाठी ठरलेल्या सेटिंग लावतो. ‘टीएक्सटी’ या शेपटावरून प्रकार कळतो, भाषा नव्हे; शब्दतपासणी सुरू केली की तो इंग्रजीच गृहीत धरतो. यावर उपाय त्याच्याच नियमांत आहे. मूळ फाइलीत खाडाखोड करू नये. नवी आवृत्ती आली की ती पुसली जाते. आपल्या ‘आफ्टर’ फोल्डरात लिहिलेल्या सूचना मूळ सूचनांनंतर वाचल्या जातात, म्हणून अखेरचा शब्द आपला ठरतो. मराठी फाइलींना निराळे शेपूट देऊन त्यांचा स्वतंत्र प्रकारही नोंदवता येतो. तेथे ‘सेट’ऐवजी ‘सेटलोकल’ लिहावे. मग हुकूम त्या फाइलीपुरताच चालतो आणि शेजारच्या गुजराती फाइलीला धक्का लागत नाही.

सीमाभागातील आपल्या मागणीचे स्वरूपही नेमके हेच आहे. दुसऱ्याची पाटी खोडायची नाही; आपल्या मजकुरावर आपला नियम चालावा, एवढेच. संविधानाचे कलम २९ भाषेबरोबर लिपीचेही नाव घेते. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेतील मुलाने पाटीवर एक ‘ल’ गिरवायचा आणि पडद्यावर दुसराच पाहायचा, हे मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही. हक्क कागदावर आहेच. तो बजावायला चार ओळी लिहाव्या लागतात. त्या आजच लिहा.