नाव चुकलेली बर्फातली बुरशी



बुरशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळी झड उभी राहते. चार दिवस ऊन नाही, हवा कोंदट, आणि पानावर भुरी नाहीतर करपा आलाच म्हणून समजा. बर्फाशी आणि बुरशीशी काही नाते असेल, हे आपल्या मनातही येत नाही. पण फ्रीजमध्ये विसरलेल्या लिंबावर हिरवा बुरा चढलेला घरातल्या बाईमाणसांनी पाहिलेला असतो. थंडीने बुरशीचे काम मंदावते, थांबतेच असे नाही. काही बुरशा तर थंडीचीच वाट पाहत असतात.

उत्तर जपानचा होक्काइदो प्रांत, नॉर्वे, स्वीडन, रशिया या मुलखांत गहू पेरतात तो हिवाळ्याच्या तोंडावर. रोपे चार बोटे वर आली की त्यांच्यावर बर्फ पडते आणि काही ठिकाणी ते तीन-चार महिने हलत नाही. ही गोधडी तिथल्या शेतकऱ्याला हवीच असते, कारण वरच्या कडाक्याच्या थंडीपासून ती रोपाला वाचवते. मात्र जमीन गोठण्याआधीच जाड बर्फ पडले, तर खाली तापमान शून्याच्या आसपास राहते. तिथे मिट्ट अंधार आणि भरपूर ओल असते. उजेड नाही म्हणून रोपाला अन्न करता येत नाही. ते साठवणीवर दिवस काढते. नेमकी त्याच वेळी बुरशी कामाला लागते. वसंतात बर्फ वितळले की शेतात मेलेल्या रोपांचे चट्टे दिसतात आणि त्यांवर फिकट गुलाबी कापसासारखे जाळे.

या गुलाबी बुरशीची नोंद १८२५ साली स्वीडनच्या एलियास फ्रीस या शास्त्रज्ञाने केली आणि तिला ‘निव्हालिस’, म्हणजे बर्फातली, असे नाव दिले. पुढे तिचे बीजाणू कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे दिसतात म्हणून तिला ‘फ्युजेरियम’ कुळात घातले. हे कुळ आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. तुरीची मर आणि हरभऱ्याची मर त्याच भावकीतली. शंभर वर्षांच्या आसपास पुस्तकांतून ‘फ्युजेरियम निव्हाले’ हेच नाव चालले.

मग सूक्ष्मदर्शकाखाली कोणीतरी बारकाईने पाहिले. फ्युजेरियमच्या बीजाणूला खालच्या टोकाशी टाच असते, हिला ती नाही. १९८० मध्ये तिला फ्युजेरियममधून काढले आणि १९८३ मध्ये सॅम्युएल्स आणि हॅलेट यांनी ‘मायक्रोडोचियम’ कुळात तिचा फेरफार केला. जनुके वाचता येऊ लागल्यावर या फेरफारावर शिक्का बसला. मायक्रोडोचियम आणि फ्युजेरियम सख्खे तर नाहीतच, चुलतही नाहीत. त्यांचे गणच वेगळे. वाकडे बीजाणू हा नुसता चेहऱ्याचा सारखेपणा होता.

नाव चुकल्याने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. जपानमध्ये बुरसटलेल्या धान्याने माणसांना आणि जनावरांना विषबाधा होई, तिचा शोध चालू होता. एका बुरशीतून उलट्या करवणारे विष हाती लागले. ती बुरशी बर्फातलीच समजून १९६०च्या दशकात त्या विषाला ‘निव्हालेनॉल’ असे नाव दिले गेले. पुढे उलगडा झाला की ती बर्फातली बुरशी नव्हतीच. १९९८ मध्ये आओकी आणि ओडॉनेल यांनी तिला ‘फ्युजेरियम क्युशुएन्से’ असे स्वतंत्र नाव दिले, तेही जपानच्या दक्षिणेकडच्या, उबदार क्युशू बेटावरून! बर्फातली बुरशी पीक मारते, पण हे विष ती करत नाही. विषाचे नाव मात्र आजही तेच आहे. चोर एक आणि वॉरंट दुसऱ्याच्या नावाचे, असा हा प्रकार.

जनुकांवरून ओळख कशी पटते, तेही पाहू. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारे छोटे कारखाने असतात. त्यांच्या जनुकांच्या मध्ये एक पट्टा असतो, त्याला ‘आयटीएस’ म्हणतात. त्याला दोन वावरांमधला बांध समजा. वावरात दरसाल तेच पीक, पण बांधावरचे गवत गावागणिक वेगळे. या बांधात पिढ्यानपिढ्या बारीक बदल साचत जातात. बुरशी कुटून तिचे डीएनए काढायचे, त्या पट्ट्याच्या लाखो नकला करायच्या, त्याची साधारण पाच-सहाशे अक्षरे वाचायची आणि जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायची. २०१२ पासून बुरशांच्या ओळखीसाठी हाच पट्टा प्रमाण मानला जातो.

सख्ख्या भावांना वेगळे करायला मात्र तो कधी कधी अपुरा पडतो. आपल्या गुलाबी बुरशीत मोठ्या आणि लहान बीजाणूंचे दोन प्रकार एकत्र मोजले जात. २००५ मध्ये इंग्लंडच्या हार्पर अ‍ॅडम्स इथल्या संशोधकांनी दुसरेच एक जनुक वाचून त्या दोन वेगळ्या जाती ठरवल्या. त्यांतली ‘मेजस’ गव्हावर जास्त सापडते.

हिमनदीत आणि बर्फाच्या तळ्यांत राहणाऱ्या किण्वांची, म्हणजे यीस्टची, गोष्ट तर याहून अवघड. सगळी अंड्यासारखी गोल. डोळ्यांनी काय ओळखणार? हिमालयातल्या रूपकुंड तळ्याजवळ मिळालेले एक यीस्ट नवीन आहे हे हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये जाहीर केले, तेव्हा जनुकांचीच साक्ष काढावी लागली.

आता आपल्या द्राक्षबागेकडे या. भुरी आणि केवडा दोन्ही पानावर पांढरे दिसतात. भुरी खरी बुरशी. केवडा मात्र, जनुके सांगतात, बुरशीच नव्हे. तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांचा दूरचा भाऊबंद. म्हणूनच गंधक भुरीवर चालते, केवड्यावर नाही. आणि केवड्यावरचे मेटॅलॅक्झिल भुरीला काही करत नाही.

रोगट पान तपासायला पाठवायचे असेल, तर ते ताजे, अर्धे निरोगी आणि अर्धे रोगट असे घ्या आणि कोरड्या कागदात गुंडाळा. ओले पान प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. दोन दिवसांत त्यावर भलत्याच बुरशा चढतात आणि तपासणाऱ्याच्या हाती तुमच्या रोगाऐवजी पिशवीतला पाहुणा लागतो.