शेवटचं बटण आपणच दाबा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना एक विनंती आहे. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी मुलं सुट्टीत घरी आली की हल्ली आई-बाबांच्या लॅपटॉपवर नवा ब्राउझर टाकून जातात. २०२५मध्ये पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आला, ओपनएआयचा ॲटलास आला. ‘झेलम एक्स्प्रेसचं तिकीट बघ’ म्हटलं की त्यातला एआय मदतनीस स्वतःच संकेतस्थळ उघडतो, तारीख भरतो. आजवर तो पडदा बघत, चाचपडत क्लिक करायचा. आता गूगल-मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी वेबएमसीपी नावाची सोय मांडली आहे. ‘गाडी शोधा’, ‘फॉर्म भरा’ अशा आपल्याकडच्या आज्ञा संकेतस्थळच त्याला सांगणार, तो त्या थेट चालवणार. बारीक अक्षरं वाचताना ज्यांचे डोळे दुखतात, त्यांनी हे जरूर वापरावं.

पण बँक आणि मेल लॉगिन करून ठेवलेले असतील, तर हा मदतनीस तिथं तुमच्याच नावानं वावरतो. शिवाय वाचलेला मजकूर कुठला आणि मालकाचा हुकूम कुठला, हे त्याला दर वेळी उमगतंच असं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये ब्रेव्ह या ब्राउझर कंपनीच्या संशोधकांनी कॉमेटवर हेच करून दाखवलं. एका पानात सूचना लपवल्या होत्या. वापरणाऱ्यानं फक्त सारांश मागितला. मदतनीसानं त्याचा ईमेल पत्ता शोधला, जीमेलमधला ओटीपी वाचला आणि दोन्ही परक्याच्या हाती दिले.

फसवणूक म्हणजे काय, हे ग्वाल्हेरला नव्यानं सांगायला नको. इथल्या रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवांना २०२५मध्येच ‘डिजिटल अरेस्ट’चा धाक दाखवून अडीच कोटींवर रुपये लुबाडले. तिथं निदान समोरून कुणी बोलत तरी होतं.

म्हणून मदतनीसासाठी ब्राउझर वेगळा ठेवा. त्यात बँक उघडू नका, रोजचा मेलही नको. शोधणं, तुलना करणं, फॉर्म भरणं त्याच्याकडं द्या. पैसे भरायचं बटण, ओटीपी आणि यूपीआय पिन मात्र आपल्याच हाती. रेल्वेच्या ऑनलाइन तात्काळ तिकिटासाठी जुलै २०२५पासून आधारचा ओटीपी लागतो. कटकट वाटते खरी, पण ती कडी राहू द्या. रिझर्व्ह बँकेचा नियमही लक्षात असू द्या: ग्राहकानं हलगर्जीनं पासवर्ड दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. ‘मी नाही, एआयनं केलं’ या सबबीवर विसंबू नका.

आणि पैसे गेलेच, तर मुलाच्या फोनची वाट बघत बसू नका. आधी १९३० लावा, लगेच बँकेला कळवा.