जिभेवर ताबा ठेवा म्हणणाऱ्यांना

जाड माणसाने दुसऱ्यांदा भात घेतला की पंगतीत कुणीतरी सुनावतंच, "जरा जिभेवर ताबा ठेव." निश्चय पक्का असेल तर भूक आवरता येते आणि ज्याला आवरत नाही तो मनाचा ढिला, हा त्यामागचा समज. तो साफ चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं उगाच अपमान गिळत जगतात.

१९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी एकाच कुटुंबातल्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. जेवून उठली तरी पुन्हा खायला मागायची. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. अंगात साठा किती आहे हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला त्यावरून कळतं. या मुलांत लेप्टिन जवळपास नव्हतंच, म्हणून मेंदू त्यांना उपाशीच धरून चालला होता. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली. चाचणीच्या एका जेवणात अकराशेच्या आसपास कॅलरी खाणारा तो मुलगा १८० वर थांबू लागला. एवढ्याशा पोराने अचानक संयम कमावला, असं कोण म्हणेल?

ही मुलं अपवाद, हा आक्षेप रास्त आहे. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला पुरती दाद देत नाही. इंजेक्शनांनी त्यांना फारसा गुण आला नाही. मग मेलबर्नचा २०११चा अभ्यास पाहा. कडक आहार पाळून वजन उतरवलेल्या माणसांत वर्षभरानंतरही लेप्टिन घटलेलं, भूक चेतवणारं घ्रेलिन चढलेलं आणि भूक आधीपेक्षा जास्त होती. निश्चय तर त्यांनी करून दाखवलाच होता!

"मग आमची एकादशी कशी निभते?" निभते, कारण घ्रेलिन जेवणाच्या ठरल्या वेळी चढतं आणि खाल्लं नाही तरी थोड्या वेळाने उतरतं. एक दिवस उपास काढणं वेगळं आणि घटलेल्या वजनाविरुद्ध शरीराने महिनोन्‌महिने लावलेला रेटा सोसणं वेगळं.

खाण्यातली निवड आपल्या हाती आहेच. डाळी, उसळी, भाज्यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे सांगावं, जरूर सांगावं. पण झोप किती होते, स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरची औषधं चालू आहेत का, आधी किती वेळा वजन उतरून पुन्हा चढलं, हे डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बोट दाखवण्याआधी विचारायला हवं.