भरभराट कोणाची?

चित्रपटांतील वाघ, वादळे आणि कोसळणारे मनोरे संगणकावर घडविणाऱ्या उद्योगाचे भवितव्य उज्ज्वल आहे, असे शासन आणि उद्योगपती एका सुरात सांगत आहेत. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी कृतिगट जाहीर केला; महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले. हा उद्योग वाढेल, याविषयी आमचा वाद नाही. प्रश्न एवढाच की, ही भरभराट कोणाची?

याचे उत्तर २०१३ सालीच मिळाले आहे. ‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ घडविणाऱ्या रिदम अँड ह्यूज या अमेरिकन कंपनीने त्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि दोनच आठवड्यांनी त्याच कामासाठी ऑस्कर पारितोषिक स्वीकारले! सभागृहाबाहेर शेकडो कारागीर निदर्शने करीत होते. चित्रपटाने अमाप गल्ला जमविला. वाघ घडविणाऱ्या अनेक हातांच्या वाट्याला मात्र बेकारी आली.

हा दैवदुर्विलास नव्हे. ही या धंद्याची रीतच आहे. काम देणारे चित्रसंस्थांचे मालक मूठभर, ते मिळावे म्हणून धडपडणाऱ्या कंपन्या अनेक. काम ठरावीक रकमेत उचलायचे. पुढे दिग्दर्शकाने दृश्य दहा वेळा बदलले, तरी वाढीव खर्च कंपनीने सोसायचा आणि कंपनीने तो कारागिरांच्या माथी मारायचा. लंडन, व्हँकूव्हर, माँट्रियल येथील करसवलतींच्या मागे हे काम धावते. आपल्याकडे ते स्वस्त श्रमांच्या शोधात येते. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसची टेक्निकलर कंपनी कोसळताच बंगळूर आणि मुंबई येथील सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांवर एकाएकी संकट ओढवले.

सार्वजनिक पैसा या उद्योगात जाणारच असेल, तर तो बिनशर्त का जावा? वेतनाची हमी, जादा कामाचा मोबदला आणि संघटनेचा हक्क या अटी मान्य करील, त्यालाच सवलत मिळाली पाहिजे. अशा अटी घातल्या तर काम परदेशी जाईल, अशी भीती घातली जाते. परंतु अटींवाचूनही टेक्निकलरचे काम बंद पडलेच ना?

कलावंताला संघटना कशाला, असेही विचारले जाते. मार्व्हेल स्टुडिओतील दृश्यपरिणाम कामगारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने संघटनेच्या बाजूने मतदान करून त्याला उत्तर दिले आहे. मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींत संगणकापुढे रात्री जागविणारी तरुण मुलेही कामगारच आहेत. गिरणीच्या फाटकाशी उभे राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी आता या इमारतींच्या दाराशीही उभे राहिले पाहिजे.