पहिली रायफल घेताय? जरा थांबा!

स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवलं आणि आमच्या कोल्हापुरात पोरं रेंजकडं वळली. चांगलंच झालं. पण पोरगं टार्गेटसमोर धड उभं राहायच्या आधीच बापाला सांगतात, "जर्मन रायफल घ्या, त्याशिवाय काही होत नाही." कुणाच्या कमिशनसाठी, ते विचारू नका!

अहो, दहा मीटरवरचा तो दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो रायफलीच्या किमतीनं नाही, न हलणाऱ्या अंगानं लागतो. बजेट तुटपुंजं असेल तर पहिला पैसा जॅकेटला, दुसरा छर्‍यांना. जॅकेट अंगाबरोबर हवं. शाळेच्या गणवेशासारखं वाढत्या अंगाचं शिवलं तर पैसे पाण्यात. रायफल जुनी चालते, फक्त बट आणि चीकपीस पोराच्या मापाला सरकतात का बघा. आणि हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघाच. मुदत संपलेला गळ्यात मारणारे महाभाग आहेत.

आता क्रीडा खात्याला सरळ सवाल. पदक आल्यावर कोटी जाहीर करता, मग तालुका संकुलात सरावाला रायफली किती ठेवल्यात? शेतमजुराच्या पोरीनं नेम धरायचा की नाही, हे बापाच्या खिशावर ठरणार काय? आमदारसाहेब, जिल्हा नियोजनच्या पुढच्या बैठकीत एवढा आकडा मांडा. आम्ही वाट बघतोय.