‘औरस’ कोणाच्या कायद्याने? : लॉर्ड सिंह यांच्या उमरावपदाविषयी

भारतीय माणसाला वंशपरंपरेने चालणारे ब्रिटिश उमरावपद मिळाल्याचे उदाहरण एकच आहे. फेब्रुवारी १९१९ मध्ये सत्येंद्रप्रसन्न सिंह हे ‘रायपूरचे बॅरन सिन्हा’ झाले. हे रायपूर छत्तीसगढमधले नव्हे. नागपूरकडच्या वाचकाचा येथे हमखास घोटाळा होतो, म्हणून आरंभीच सांगितलेले बरे. हे बीरभूम जिल्ह्यातले, बोलपूरजवळचे एक खेडे आहे. नावाचीही तीच कथा. बंगालीत ते ‘सिंह’ असे लिहितात. इंग्रजी लेखनात त्याचे ‘सिन्हा’ झाले, सनदेत तेच उमटले आणि इंग्रजीवरून लिहिणाऱ्या मराठी इतिहासकारांनी तेच पुढे चालविले. एका भारतीय भाषेतले नाव दुसऱ्या भारतीय भाषेत येताना लंडनला वळसा घालून येते, ही आपल्याकडे नवलाची गोष्ट उरलेली नाही. तथापि प्रस्तुत लेखात व्यक्तीसाठी ‘सिंह’ आणि पदासाठी ‘सिन्हा’ असा भेद मी पाळणार आहे.

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला हे प्रकरण भेटते ते बहुधा एका विरोधाच्या रूपाने. सिंह लॉर्ड झाले आणि दोन महिन्यांनी, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेत गोळीबार झाला. मेअखेरीस रवींद्रनाथांनी ‘सर’ या किताबातून मुक्त करण्याची मागणी व्हाइसरॉयकडे केली. जुलैमध्ये शंकरन नायर यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. एकाने किताब टाकला, दुसऱ्याने अधिकार टाकला, तिसरा मात्र त्याच वर्षी उमरावांच्या सभागृहात बसून हिंदुस्थान सरकारचा नवा कायदा संमत करून घेत होता, अशी ही मांडणी. वाक्य म्हणून ती ठाकठीक आहे, पण तिने काही उलगडत नाही. ज्या रायपूरच्या नावाने हे उमरावपद आहे, तिथल्याच सिंह जमीनदारांकडून देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ मध्ये वीस बिघे जमीन कायम पट्ट्याने घेतली. तीच पुढे शांतिनिकेतन झाली. सत्येंद्रप्रसन्नांचा जन्मही १८६३ चाच. किताब टाकणारा आणि किताब घेणारा यांची मुळे एकाच तांबड्या मातीत, एकाच ब्राह्म वातावरणात गुंतलेली आहेत. त्यांना दोन टोकांवर उभे करणाऱ्याने ही जवळीक आधी समजून घ्यायला हवी.

सिंहांची कारकीर्द थोडक्यात सांगता येईल. लिंकन्स इनमध्ये कायद्याचे शिक्षण, कलकत्त्यात भरभराटीची वकिली, बंगालचे अ‍ॅडव्होकेट-जनरल. १९०९ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आलेले पहिले भारतीय ते हेच. सातव्या एडवर्डला ही नेमणूक मनातून मान्य नव्हती. १९१५ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. गोखले आणि फिरोजशहा मेहता त्याच वर्षी निवर्तले होते, आणि मवाळांच्या त्या ओसरत्या काळात सिंहांसारखा सावध कायदेपंडित अध्यक्षपदी असणे स्वाभाविकच होते. पुढे ते भारतमंत्र्यांचे उपमंत्री आणि बिहार-ओरिसाचे राज्यपाल झाले. ४ मार्च १९२८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर पुष्कळ टीका करता येईल, पुष्कळ झालीही आहे. माझे लक्ष येथे त्यांच्या निधनानंतर काय झाले याकडे आहे.

उमरावपदाची सनद हा एक मजकूर आहे, आणि मजकूर म्हटला की अर्थ लावणे आले. पद कोणाकडे जाईल हे सांगणारी सनदेतली शब्दावली ठराविक असते. आपल्या भाषेत तिचा भाव असा : धारकाच्या देहापासून कायदेशीर रीतीने उत्पन्न झालेले पुरुष वारस. शतकानुशतके ही अक्षरे इंग्रज कुटुंबांना लागू होत आली आणि ‘कायदेशीर’ म्हणजे कोणत्या कायद्याने, असे विचारण्याची वेळ क्वचितच आली. १९१९ मध्ये तीच अक्षरे बीरभूमच्या एका घराला लावली गेली. सिंहांचा विवाह विलायतेस जाण्यापूर्वी हिंदू विधीने झाला होता, आणि त्या काळच्या हिंदू धर्मशास्त्राने पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मनाई नव्हती. सिंहांनी दुसरा विवाह केला नाही, त्यांच्या मनातही तो नव्हता. परंतु ज्या विवाहात दुसऱ्या पत्नीची शक्यता मुळातच गृहीत आहे, तो विवाह इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने विवाह ठरतो काय, असा प्रश्न निघाला. परिणामी थोरले चिरंजीव अरुणकुमार यांना सभागृहात बसण्याचे बोलावणे सहजी आले नाही. त्यांना आपला हक्क विशेषाधिकार समितीपुढे सिद्ध करावा लागला. निर्णय लागला तो १९३९ मध्ये, पित्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी.

निर्णय त्यांच्या बाजूने लागला. मात्र तो कोणत्या वाटेने लागला हे पाहण्यासारखे आहे. सिंह दांपत्य साधारण ब्राह्म समाजात गेले होते, आणि त्या समाजाला एकपत्नीत्वच मान्य होते. हा प्रवेश थोरल्या मुलाच्या जन्मापूर्वीचा. अरुणकुमारांचा जन्म १८८७ चा. सबब मुलगा जन्मला तेव्हा विवाह एकपत्नीक झालेला होता, या गोष्टीला निर्णयात महत्त्व आले. म्हणजे हिंदू विवाह आहे तसा स्वीकारून मग वारस ओळखला, असे झाले नाही. ब्राह्म समाजाने त्या विवाहाला दिलेली मर्यादा दावेदाराच्या मदतीला आली. एकोणिसाव्या शतकातल्या बंगाली धर्मसुधारणेचा असा उपयोग होईल, हे त्या सुधारकांच्या स्वप्नातही नसेल. आणि सिंह ब्राह्म समाजात गेलेच नसते, तर? मला वाटते, या प्रकरणातला खरा प्रश्न तोच आहे आणि समितीला तो टाळता आला.

मराठी दप्तरे चाळलेल्या माणसाला या सगळ्यात काही ओळखीचे दिसते. वतनाच्या कागदातही हक्क ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ चालण्याची भाषा असते. वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे, आजूबाजूचे वतनदार साक्षी होत आणि महजर होई. वडीलपणाचा मान कोणाचा, थोरली पाती कोणती, हे ठरविणारे स्वतःच वतनदार असत. उमरावांच्या हक्काचा निवाडा उमरावांच्या समितीने करणे हा त्याहून फार निराळा प्रकार मला वाटत नाही. फरक आहे तो अन्यत्र. वतनाचे भाग पडत, ते विकले जाई, गहाण पडे. इंग्रजी पद अखंड राहते आणि एकाकडेच जाते. आणि सगळ्यांत मोठा फरक असा की वतनाला दत्तक चाले, या पदाला दत्तक चालत नाही.

दत्तकाचा उल्लेख निघाला की मराठी वाचकाला डलहौसी आठवणारच. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये, झाशीचे आणि नागपूरचे १८५४ मध्ये औरस वारस नाही म्हणून खालसा झाले. सातारा आणि झाशी येथे तर दत्तविधान झालेले असून ते मानले गेले नाही. त्याच डलहौसीला १८४९ मध्ये मार्क्विस हे पद मिळाले, तेही पंजाबच्या नावासकट. १८६० मध्ये तो वारला. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्विसपद तेथेच संपले. जुने अर्लपद मात्र चुलत घराण्यातल्या फॉक्स मॉल याच्याकडे गेले. याला दैवाचा न्याय म्हणण्याचा मोह मराठीत लिहिणाऱ्याला आवरणे अवघड आहे. पण एवढे तरी म्हणता येईल की डलहौसीच्या मनातला ‘वारस’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या घराण्याच्या सनदांतून आलेला होता. सातारकरांच्या शब्दकोशात तो शब्द निराळा होता. दत्तक पुत्र हा त्या शब्दकोशात पुत्रच होता.

मुंबईतले एक उदाहरण याच्या शेजारी ठेवावेसे वाटते. जमशेटजी जीजीभाई यांना १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. बॅरोनेट उमरावांत मोडत नाही, त्यामुळे सिंहांचे एकमेवपण अबाधित राहते. त्या किताबासाठी पुढे येथे स्वतंत्र कायदा करून मालमत्तेची व्यवस्था लावण्यात आली आणि किताब धारण करणाऱ्या प्रत्येक वारसाने ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव घ्यावे असे ठरले. पदासाठी आईबापांनी ठेवलेले नाव बाजूला ठेवायचे! कादंबरीकाराने कल्पिले असते तर आपण ते अतिशयोक्त म्हटले असते.

अरुणकुमार सिंह १९६७ पर्यंत हयात होते. दरम्यान भारतीय संविधान अमलात आले. त्याच्या अठराव्या अनुच्छेदाने भारतीय नागरिकाला परकीय राज्याकडून किताब स्वीकारण्यास मनाई केली. येथे पुन्हा एका शब्दावर सारे येऊन ठेपते. जे बापाकडून आले ते ‘स्वीकारले’ असे म्हणावे काय? वारशाने मिळणे ही क्रिया आहे की अवस्था? वैयाकरण आणि कायदेपंडित यांनी एकत्र बसावे असा हा मुद्दा. पद पुढे चालत राहिले. तिसरे बॅरन सुधींद्रप्रसन्न १९८९ मध्ये वारले, त्यांचे पुत्र १९९२ मध्ये. मग पद काकांकडे गेले. १९९९ मध्ये ते काकाही निवर्तले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने बहुतेक साऱ्या वंशपरंपरागत उमरावांचा सभागृहात बसण्याचा हक्क गेला. अकरा वर्षे झगडून जो हक्क मिळविला, तो साठ वर्षे टिकला. नाव तेवढे उरले.

आपल्या बोलण्यात ‘लॉर्ड’चा ‘लाट’ झाला आणि ‘मोठा लाटसाहेब लागून गेलास’ असा तो पोरांना दटावण्याच्याही कामी आला. लोकांनी त्या शब्दाचा हिशेब केव्हाच चुकता केला आहे. विद्वानांचा हिशेब मात्र राहिला आहे. वासाहतिक काळातल्या कादंबऱ्यांत आणि आत्मचरित्रांत किताबधारी पात्रे जागोजाग भेटतात, आणि आपण त्यांना ‘राजनिष्ठ’ या एका विशेषणात बसवून पुढे सरकतो. मला एक साधी सूचना करावयाची आहे. सिंहांची सनद, १९३९ चा निर्णय आणि वतनाच्या तंट्याचे दोनचार महजर हे भारतीय भाषांत भाषांतरित करून भाषांतराच्या वर्गात शेजारी शेजारी वाचावेत. ‘लॉफुली’ या एका क्रियाविशेषणाला बंगालीत काय म्हणायचे, मराठीत काय, आणि तमिळमध्ये काय, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे. मी वर ‘कायदेशीर रीतीने उत्पन्न’ असे लिहिले आहे आणि शीर्षकात ‘औरस’ असे. दोन्ही एक नव्हेत, आणि दोहोंपैकी कोणता शब्द ठेवावा याविषयी माझे मन अजून डळमळतेच आहे.